दुसऱ्या दाताची वेळ

प्रिय ठमे,

अक्षर वाकडंतिकडं आहे, पण शेवटपर्यंत वाच. चौथीत शाळा सुटली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, हिच्या हातापेक्षा तोंडच जास्त चालतं. आता तर तोंडात नवा दात, मग काय विचारतेस! काल अख्खं सफरचंद न चिरता खाल्लं. शेजारीण बघतच राहिली. म्हटलं, नातीने बसवलाय.

हिरडी सुजली होती, तेही सांगते मी सगळ्यांना. लपवायचं काय त्यात? हाडात रोवलेल्या खुंटावर दाताची टोपी बसवताना जादा सिमेंट हिरडीखाली गेलं आणि तिथंच घट्ट झालं. तुझ्या मोठ्या डॉक्टरबाईंनी ते खरवडून काढलं, तांदळाच्या कणीएवढं. सूज उतरली, रक्त थांबलं, मी ठणठणीत. तू मात्र हाय खाल्लीस. तेव्हापासून असा एकही दात बसवला नाहीस, सगळे पेशंट बाईंकडे पाठवतेस, असं तुझी आई सांगते. अगं, माझीही चूक आहेच. दोन महिने दात घासताना रक्त येत होतं आणि मी गप्प. म्हटलं, पोरीला कशाला बोल लावायचा? आणखी गप्प बसला असतात तर खालचं हाड गेलं असतं, म्हणून बाईंनी मला चांगलंच झापलं.

तुझी चूक कशी झाली ते मला ठाऊक आहे. आजीचा दात जन्मात हलता कामा नये म्हणून तू ती टोपी सिमेंटने काठोकाठ भरलीस. परक्या बाईसाठी इतकं भरलं नसतंस. खोक्यांच्या कारखान्यात होते तेव्हा नव्या पोरी लेबलाला अशीच खळ थापायच्या. चिकटायचं झकास, पण कडेने सगळी ओघळायची.

परवा तुझी सुट्टी होती, तेव्हा दात तपासून घ्यायला गेले. बाईंना विचारलं, सिमेंट जादा होऊच नये असं काही करता येत नाही का? त्यांनी खणातून एक चिमुकला खुंट काढला. दात ज्यावर बसतो त्याची हुबेहूब नक्कल. टोपीत सिमेंट घालायचं, ती आधी बाहेरच या नकलेवर दाबायची, जादा बाहेर येईल ते पुसायचं आणि लगेच तोंडात बसवायची. मग कडेने दोरा फिरवायचा, फोटो काढून बघायचा. मी मोठ्यांदा हसले! अगं, खळ लावलेलं लेबल आधी रद्दीवर टेकवा, मग खोक्यावर, हे मीच शिकवायचे पोरींना. बाई म्हणाल्या, आजी, या उद्यापासून कामाला. म्हटलं, जागा रिकामी कुठाय? माझी नात आहे ना.

तर आता मुद्द्याचं. माझा दुसरा खुंट हाडात पक्का झालाय. त्यावरच्या दातासाठी तू दवाखान्याच्या वहीत माझं नाव परस्पर बाईंच्या पानावर घातलंस. ते मी खोडायला लावलं आणि तुझ्या पानावर लिहून घेतलं. मंगळवार, सकाळी दहा. बाईंना विचारूनच केलंय, नक्कलही त्यांनी तुझ्या खणात ठेवलीय. समोर येऊन सांगितलं असतं तर रडून मला गप्प केलं असतंस, म्हणून हे पत्र. सावकाश कर, मला घाई नाही. पाऊण तास तोंड उघडं ठेवून मी एक शब्दही बोलणार नाही. अशी संधी घरात कुणालाच मिळालेली नाही, सोडू नकोस.

तुझीच,
तोंडाळ आजी