विकलेलं रिव्हॉल्व्हर

आई, तू असताना मी तुला जी पत्रं लिहिली ती सगळी दुसऱ्याने वाचायची पत्रं होती. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून शाळेतले गुरुजी नाहीतर पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे आणि आळीतल्या चार बायका पदर सावरून ऐकायच्या. हे ठाऊक असल्यामुळे मी इथून फक्त चारचौघांत ऐकण्यासारखं लिहायचो. तब्येत बरी आहे, थंडी फार आहे, स्वयंपाक स्वतः करतो, सकाळी देवापुढे दिवा लावल्याशिवाय कामावर जात नाही. यातलं काही खोटं नव्हतं, पण ते सगळं नव्हतं. तुला जाऊन दहा वर्षं झाली. आता मधे वाचणारं कुणी नाही, म्हणून तेव्हा न लिहिलेली गोष्ट आज लिहितो. माझ्याकडे एक रिव्हॉल्व्हर होतं.

मी अमेरिकेत, या बॉथेल गावी आलो तेव्हा इथे घरं कमी आणि झाडी जास्त होती. कारखान्यात विमानाचे सुटे भाग तयार व्हायचे आणि माझ्या शेजारच्या लेथवर एक म्हातारा अमेरिकन होता. कमी बोलणारा, पण हात फार चोख. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने मला गाडीपाशी नेलं, म्हणाला, "ये, तुला चांगलं काम म्हणजे काय ते दाखवतो." फडक्यात गुंडाळलेलं त्याचं रिव्हॉल्व्हर होतं ते. त्याने सहा गोळ्यांचं चक्र बाहेर काढून बोटाने फिरवलं, परत आत बसवलं, आणि ते जागेवर बसल्याचा जो बारीकसा आवाज आला तो मला आजही ऐकू येतो. आयुष्यभर लोखंड कापणाऱ्या माणसाला तो आवाज कळतो. कुठेही केसाएवढी ढिलाई नाही. त्या सुमारास आमच्या रस्त्यावर एका घरी चोरी झाली होती, तेव्हा भीती वाटते म्हणून घेतो असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते आवडलं म्हणून घेतलं. इथे खिळे आणि रंगाचे डबे मिळतात त्याच दुकानात तसलं रिव्हॉल्व्हर मिळायचं. एक फॉर्म भरला, सही केली, आणि अडतीस बोअरचं, चार इंची नळीचं, अक्रोडाच्या मुठीचं रिव्हॉल्व्हर कागदी पिशवीतून घरी आणलं, तू बाजारातून वांगी आणायचीस तसं.

रविवारी आम्ही दोघं डोंगराकडच्या एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीत जायचो. बहुतेक वेळा भुरभुर चालू असायची. म्हातारा लाकडी फळीवर कागद ठोकायचा आणि माझ्या मागे उभा राहायचा. मी पहिल्यांदा चाप ओढला तेव्हा गोळी फळीला सोडून भलतीकडेच गेली. तो म्हणाला, "अरे, गाईची धार काढतोयस का?" मी म्हटलं, लहानपणी रोज काढली आहे. तर तो हसला आणि म्हणाला, "मग तुला माहीत असायला हवं. हिसका दिला की गाय लाथ मारते." मग त्याने शिकवलं. श्वास अर्धा सोडायचा, चाप ओढायचा नाही, नुसता दाबत जायचा, बार कधी होतो ते आपल्यालाही कळता कामा नये. आई, हे तुला लिहायला जड जातं, पण त्या अर्ध्या श्वासात मला जी शांतता मिळायची ती देवापुढे बसूनही रोज मिळत नव्हती. मन कुठेही जायचं नाही. घरी येऊन मी ते उघडून पुसायचो, पातळ तेलाचा हात द्यायचो. तू गेल्याची तार चार दिवसांनी पोहोचली. त्या दिवशी काय करायचं ते कळेना. रडायला जवळ कुणी नव्हतं, बायको बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, स्क्रू काढले आणि ते पूर्ण सुटं केलं. पुन्हा जोडताना पेचकस सटकून डाव्या अंगाला एक ओरखडा पडला. तेवढा एकच.

बायकोला ते कधीच आवडलं नाही. खंडेनवमीला मी पाटावर मायक्रोमीटर ठेवायचो, पटाशी ठेवायचो आणि त्यांच्याशेजारी रिव्हॉल्व्हर, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर अंगणातलं फूल. ती म्हणायची, "अख्ख्या वॉशिंग्टन स्टेटमध्ये पिस्तुलाला कुंकू लावणारे तुम्ही एकटेच." मी म्हणायचो, हत्यार ते हत्यार. तरी तिने चालवून घेतलं. मग मुलगी पाच वर्षांची झाली आणि एका दुपारी चिकटपट्टी शोधताना तिने माझा खण उघडला. बायको पोळ्या लाटत होती, मी खुर्चीत होतो. मुलगी दोन्ही हातांत ते धरून, प्रसादाची वाटी आणावी तशी, सावकाश चालत आली. "बाबा, इज धिस युवर्स?" ते रिकामं होतं, मला माहीत होतं. पण बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. "अहो, आधी घ्या ते तिच्या हातातून," ती इतक्या हळू म्हणाली की मीच घाबरलो. मुलगी अंगणात गेल्यावर ती म्हणाली, "महिन्यातून दोनदा त्याला तेल लावता. लेकीच्या केसांना कधी लावलंत?" त्याच आठवड्यात मी इथल्या छोट्या जाहिरातींच्या पेपरात जाहिरात दिली.

शनिवारी दुपारी एक माणूस आला. माझ्याच वयाचा, चाळिशी ओलांडलेला, ओला कोट. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला. ब्याद जाणार म्हणून बायको खुशीत होती, तिने चहा केला, चकल्या पुढे ठेवल्या. "तुमचं हे प्रेट्झेल फार कडक आहे," तो म्हणाला, आणि दोन खाल्ल्या. मी त्याला रिव्हॉल्व्हर दाखवत होतो. लेक सासरी पाठवताना सांगावं तसं सांगत होतो. तेल पातळच घाला, दमट जागी ठेवू नका, हे चक्र झटक्याने बंद करू नका, सिनेमात करतात तसं. तो मान हलवत होता. त्याने चक्र उघडून पाहिलं नाही, नळीतून उजेड पाहिला नाही. मूठ हातात धरतानाही बोटं नीट मिटली नाहीत. मला त्याचा राग आला, एवढंच. ज्याला कदर नाही त्याच्याकडे चाललं, असं वाटलं. माझं सगळं लक्ष त्या वस्तूकडे होतं.

मी ते टॉवेलात गुंडाळून दिलं, तो दारापर्यंत गेला, आणि मला ते बघवेना. मला एकदम तू आठवलीस. मी सात-आठ वर्षांचा असताना शेजारणीची वाटी परत द्यायला तू मला पाठवलं होतंस आणि मी ती नुसती धुऊन देऊन आलो. तू चुलीपुढून उठलीस, माझा कान धरलास. "रिकामं भांडं देऊन आलास व्हय रं? मूठभर शेंगा सुद्धा नाहीत का आपल्या घरात?" शेंगा घेऊन मला परत जायला लावलंस. तेव्हापासून मी कुणाचं काही रिकामं परत दिलेलं नाही, कुणाला रिकामं काही दिलेलं नाही. इथेसुद्धा शेजारची गोरी बाई केक पाठवते तेव्हा तिच्या ताटलीत मी काहीतरी घालूनच परत देतो. तर मी म्हटलं, "थांबा." आत पळत गेलो आणि काडतुसांचं उरलेलं खोकं आणून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने मागितलं नव्हतं. तो त्या खोक्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." आणि माझे आभार मानून गेला. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, आई. रीत पाळल्यासारखं.

नंतरची पाच वर्षं मी त्या रिव्हॉल्व्हरची आठवण काढत होतो, त्या माणसाची नाही. म्हातारा वारला, खाणीच्या जागी घरं झाली. दुकानाच्या काचेआड तसलं रिव्हॉल्व्हर दिसलं की मी थांबायचो. गेल्या महिन्यात साध्या कपड्यातला एक पोलीस घरी आला. दारातले आमचे जोडे बघून न सांगता त्याने आपलेही काढले. टेबलावर त्याने एक फोटो ठेवला. डाव्या अंगावरचा ओरखडा मी लगेच ओळखला. "हे माझं," मी म्हणालो, आणि हरवलेलं सापडल्यासारखा आनंद माझ्या आवाजात आला असावा, कारण बायकोने माझ्याकडे चमकून पाहिलं. दुकानातल्या त्या जुन्या फॉर्मवरून ते माझ्यापर्यंत पोहोचले होते.

मग त्याने दुसरा फोटो ठेवला. पुठ्ठ्याचं खोकं, झाकणावर लाल पेन्सिलीने काढलेलं एक अक्षर. "हे काय आहे? आमच्या ऑफिसात कुणाला सांगता येईना. एकजण म्हणाला अरेबिक, एकजण म्हणाला कुठल्यातरी गँगची खूण असेल." ते श्री होतं. तुला येणारं एकुलतं एक अक्षर. नवं मडकं आणलं, नवी पाटी आणली, की तू त्यावर श्री काढायचीस, आणि मी ती सवय इथे आणली. "आम्ही नव्या वस्तूवर लिहितो," मी म्हणालो. "कशासाठी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "चांगलं व्हावं म्हणून." त्याने ते वहीत लिहून घेतलं. मग सांगितलं की शेजारच्या ओरेगॉन राज्यातल्या एका मोटेलच्या खोलीत एका माणसाने स्वतःचा जीव घेतला, आणि या दोन्ही वस्तू त्याच्याजवळ होत्या.

माझ्यावर काही येणार नव्हतं. विकण्यात बेकायदा काही नव्हतं, हे त्याने आधीच सांगितलं. "त्याची बहीण एकच विचारते आहे," तो म्हणाला. "हे त्याने कधी घेतलं. इतकी वर्षं जवळ बाळगून होता, की आत्ता कुणाकडून आणलं. वर्षानुवर्षं बाळगून असेल तर आपल्याला कळलं कसं नाही, असं तिला वाटतं. फक्त तुम्हीच सांगू शकता." आणि त्याने तिसरा फोटो ठेवला, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा. मी चष्मा लावून पाहिला. जाडसर नाक, कानशिलांवर पांढरे केस. तो असेल. नसेल. खोकं माझं होतं एवढं खरं, पण तेही रिव्हॉल्व्हरबरोबर एकाकडून दुसऱ्याकडे गेलेलं असू शकतं. मला कोट आठवत होता, बाहीवर सांडलेला चकलीचा चुरा आठवत होता, मुठीवर न मिटलेली बोटं आठवत होती. चेहरा आठवत नव्हता. बायको म्हणाली, "टोपी होती त्याला. घरात आल्यावरही काढली नव्हती, म्हणून लक्षात आहे." मी म्हटलं, टोपी नव्हती. आम्ही दोघं तिथेच वाद घालायला लागलो आणि तो पोलीस मान खाली घालून थांबला. माझ्यासमोर अर्धा तास बसलेला, माझ्या घरचं खाल्लेला माणूस. त्याच्याकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "सांगता येत नाही." त्याने तेही लिहून घेतलं. आता त्या बहिणीला कुठल्यातरी गावी हेच कळवलं जाईल.

सोबत काहीतरी घालून द्यावं, हे तू शिकवलंस. ते मी अजून चूक म्हणू शकत नाही. पण घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं, हे तू सांगितलं नव्हतंस, कारण आपल्या गावात ते सांगावं लागत नव्हतं. मी सकाळी दिवा लावतो आणि त्या माणसासाठी काही मागावं म्हणून हात जोडतो, तर काय मागायचं ते सुचत नाही. त्याचं नावही मला माहीत नाही. पोलिसाला विचारता आलं असतं. जाताना बूट घालता घालता त्याने मला विचारलं होतं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी विचारलं, रिव्हॉल्व्हरचं काय होणार. तो म्हणाला, काम संपलं की वितळवून टाकतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, त्या माणसासाठी. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "मनाला लावून घेऊ नका," म्हणाला, आणि मी त्याला तसंच वाटू दिलं.