बेडकाच्या दिवशीची अंघोळ

सर,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते. प्रॅक्टिकलला तुम्ही हेच सांगायचात, पाहिलेलं आधी लिहा, वाटलेलं नंतर.

१. मी इंटर सायन्सला होते आणि मावशीकडे राहत होते.
२. बेडूक कापून आले की मावशी मला परसात गार पाण्यानं अंघोळ करायला लावी. त्याशिवाय घरात घेत नसे.
३. थंडीत मला ताप आला. मावशी म्हणाली, बेडूक सोड, नाहीतर कन्नडला वडिलांकडे परत जा.
४. तुम्ही आमच्या घरी येऊन चहा घेतलात.
५. मी डॉक्टर झाले.

यात खोटं काही नाही. पण चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये जे राहिलं, त्यासाठी हे पत्र.

आपलं कॉलेज केवढंसं होतं. व्हरांड्याच्या एका टोकाला तर्कशास्त्राचा वर्ग, दुसऱ्या टोकाला आपली प्रयोगशाळा, आणि मधे एकच माठ. मेडिकलला जाऊ पाहणारे आम्ही मोजकेच, त्यात मुलगी मी एकटी. सायन्सवाल्यांनीही आर्ट्सचा एक विषय ऐकलाच पाहिजे असा आपल्याकडे दंडक होता, म्हणून मी तर्कशास्त्राला बसायचे. तिथले सर नाकाला रुमाल लावून तुम्हाला म्हणायचे, "सर्व माणसं मर्त्य आहेत हे मला शिकवावं लागतं. तुमचे बेडूक मर्त्य आहेत हे वासावरूनच पटतं." तुम्ही स्वतः सगळं उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर इंग्रजीतून शिकवायची वेळ आली, आणि तुम्ही ते नीटच शिकवत होता. पण काही सुंदर दिसलं की इंग्रजी मागं पडायचं. पहिल्यांदा छाती उघडली त्या दुपारी तुम्ही माझ्या टेबलाशी वाकला आहात. "देखो, देखो, दिल अभी चल रहा है." आणि ते खरंच चाललं आहे, वाटाण्याएवढं, कुणाचीही पर्वा न करता. मी डॉक्टर होणार हे मी तेव्हा ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

मावशीची बाजूही लिहायला हवी. मुलींना राहायला शहरात दुसरी जागा नव्हती, म्हणून वडिलांनी मला तिच्याकडे ठेवलं होतं. तिचं देवघर स्वयंपाकघरातच. बंब आत न्हाणीघरात, आणि अंघोळीशिवाय मी आत जायचं नाही, म्हणून गरम पाणी मला मिळणं शक्य नव्हतं. ती दुष्ट नव्हती. तिच्या नियमांना फक्त दुसरी वाट नव्हती. ताप आला तेव्हा उशाशी बसून तिनंच काढा पाजला, आणि म्हणाली, "डॉक्टर व्हायच्या आधीच रोगी झालीस. आता पुरे. सोमवारपासून आर्ट्सला बस, तेवढंच व्हरांड्याच्या त्या टोकाला जायचंय."

मी तुम्हाला हे निरोप म्हणून सांगितलं, तक्रार म्हणून नाही. तुम्ही "अच्छा" म्हणालात, चिमटे पुसलेत आणि घराचा पत्ता विचारलात. तुम्ही येऊ नये असं मला वाटत होतं. त्या वर्षांत हिंदू-मुसलमान एकमेकांच्या दारापर्यंत येत, आत येत नसत.

मावशी दारात उभी आहे. तिच्यामागं मी.

"आपा, मी हिचा बेडकाचा मास्तर."

"बरं झालं आलात. आता तुम्हीच सांगा, पोरीनं बेडूक कापायचा अन् त्याच हातानं माझ्या चुलीपाशी यायचं?"

"तौबा! अंघोळ न करता? नाय नाय, हे चालायचंच नाय."

मावशी भांडायच्या तयारीनं आली होती. आता तिला भांडायला समोर कुणी उरलं नाही.

"आमच्या घरी बी हेच हाय," तुम्ही दाराशेजारच्या ओट्यावर बसत म्हणालात. "बेगम उंबऱ्याच्या आत पाय टाकू देत नाय. म्हणते, पहले मेंढक उतारो, फिर अंदर आओ."

"व्हय?"

"फक्त तिनं बंब मागच्या दारी आणून ठेवलाय. म्हणते, मियाँ बीमार पडे तो मेंढक का क्या जाएगा? मेरा जाएगा!"

मावशी आत गेली आणि पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबशीतून चहा घेऊन आली. "शहाणी आहे बाई," ती म्हणाली. मग तिनं परसाच्या दिशेनं पाहिलं. "आमच्याकडं काय बंब नाही?"

पुढच्या प्रॅक्टिकलला मी घरी आले तर परसात धूर. तांब्याचा बंब अंगणात, मावशी खोकत शेण्या सारते आहे. "या डॉक्टरीणबाई, पाणी उकळायलंय! ती बेगम करती, मग मी का नाही करणार?" भर थंडीत, उघड्या आभाळाखाली, कढत पाण्याची ती अंघोळ. इतकं सुख मला नंतर फारशा गोष्टींनी दिलं नाही. दुपारचा धूर दिसला की शेजारीण भिंतीवरून विचारायची, "आज बेडूक का?" आणि मावशी ऐटीत सांगायची, "आज ससा!" संक्रांतीला तिनं माझ्या हाती तिळगुळाचा डबा दिला, "त्या शहाण्या बाईला." तुम्ही चेहरा न बदलता म्हणालात, "पोचवतो." मी हैदराबादला मेडिकलला गेले तरी तिचा डबा तुमच्या घरी जात राहिला. मी तिथं दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेल्याची तार आली. त्यावर मी लिहिणार नाही.

आता मी आपल्याच शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासते. गेल्या आठवड्यात कागदावर तुमचं आडनाव दिसलं आणि समोर तुमच्या बेगम होत्या. मी कोण ते सांगितलं आणि बंबाचं विचारलं.

"कौन सा बंब, बेटी? आमच्याकडं चुलीवर पातेलं असायचं."

"आणि सरांची अंघोळ? बेडकाच्या दिवशीची?"

"अंघोळ? ते? तसेच येऊन जेवायला दस्तरख्वानावर बसायचे! हात तरी धुवा म्हणून मी ओरडायची." मग मी त्यांना मावशीचा बंब आणि संक्रांतीचा डबा सांगितला. "तो तिळगूळ तुमच्याकडचा होय? दरसाल यायचा. विचारलं तर म्हणायचे, शहर में कोई तुम्हारी अक्ल की तारीफ़ करता है. मला वाटायचं, चेष्टा करतात."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली. मी कामाच्या जागी हसत नाही, हे तिला माहीत आहे.

चूक एवढीच झाली की त्या भेटल्याचं मी मावशीला सांगितलं. ती आता थकली आहे, पण ऐकताच उठून बसली. "बोलव तिला शुक्रवारी. ओट्यावर नाही, आत, चुलीपाशी बसवते. दोघी बसून बोलू. बंब बाहेर काढायचं सुचलं कसं, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय." बेगम यायला तयार आहेत. म्हणाल्या, तू म्हणशील ते सांगते, खरं म्हणशील तर खरं.

खरं सांगितलं तर मावशी हसेल, की इतक्या वर्षांचा बंब तिला फुकट गेल्यासारखा वाटेल, याचा अंदाज मला येत नाही. हे पत्र पेटीत पडणार नाही, ते टेबलाच्या खणात राहील. आणि एक कबूल करते. हा निर्णय माझा मला घेता येतो. पण अडलं की तुम्हाला विचारावंसं वाटतं, अजून.

तरी आपलं मत गुरुवार संध्याकाळपर्यंत कळवावं.