पानाची खालची बाजू

२ फेब्रुवारी
आई एकदा म्हणाली होती, पान उलटून बघ गं, वरून सगळं बरंच दिसतं. केवढं खोल वाक्य! आज स्टेटसला ठेवलं. आई जाऊन सहा महिने झाले. मी ठीक आहे. तिने राखलेलं वांग्याचं सगळं बी पेरलं होतं. गॅलरीत चार झाडं, जोरात.

१० फेब्रुवारी
अमृतावहिनीचा टेंभी नाक्याहून फोन. आईने तिला दिलेलं रोप ग्रिलमध्ये तगलंय म्हणे. म्हटलं, शहाडला आणून दे, तुझ्याकडे काही जगत नाही. तर म्हणते, आईंनी मला दिलंय ते. लोक वस्तूंना फार चिकटतात.

४ मार्च
पानांवर बारीक पांढुरके ठिपके. उन्हाचे असणार. पाणी वाढवलं.

१२ मार्च, सकाळी
शेंड्यांवर नाजूक जाळी! कोळ्यांनी घर केलं. कोळी कीड खातात, म्हणजे निसर्ग माझ्या बाजूने. मितेश झाडू घेऊन आला. नवऱ्यावर ओरडलेच मी. तो म्हणाला, घरातली जळमटं माझ्याकडून काढून घेतेस आणि इथली पाळतेस?

१९ मार्च
वहिनीला फोटो पाठवला. वाटलं, कौतुक करेल. तर विचारते, पानं उलटून बघितलीस का गं? म्हटलं, ते आईचं वाक्य आहे, मला शिकवू नकोस. बघायचं राहिलंय खरं. उद्या नक्की.

२७ मार्च
पानं तांबूस, गळतायत. दुकानातून कीटकनाशक आणलं. दुकानदाराने विचारलं, ताई, कीड कुठली? म्हटलं, असेल ती. फवारलं. वरून.

५ एप्रिल
मितेशने एक पान पांढऱ्या कागदावर झटकलं. तिखट सांडल्यासारखे ठिपके. मग ते चालायला लागले. बोटाने दाबले तर लाल रेघ. लाल कोळी. जाळी त्यांचीच. आठ पायांचे, कीटक नव्हेतच, म्हणून माझ्या औषधाने मेले नाहीत. फोनवर कळलं, वहिनी पानांना खालून पाण्याचा फवारा मारत होती, पहिल्या ठिपक्यापासून. आई तिलाही तेच म्हणाली होती. तिला वाटलं, पान उलटून बघायचं.

१४ एप्रिल
चार काड्या. रडू येत नाही. सवयीने पाणी घातलं.

१५ एप्रिल
वहिनीला मेसेज केला. नाहीच म्हणणार. मीसुद्धा नाहीच म्हटलं असतं. लिहिलं: एक वांगं तोडू नकोस. झाडावरच पिवळं होऊ दे. त्याचं बी मला देशील?