खालच्या बागेचं फाटक

ता. १४, दुपार

बाबांना सुनेचा नमस्कार.

आम्ही इकडे बरे आहोत. छकुलीला दाढ येतेय. चालायचं सोडून नुसती पळते. वन्संकडे तुमचं जेवणखाण नीट चाललंय ना? माझं अक्षर वाकडंतिकडं, नाही लागलं तर वन्संकडून वाचून घ्या. त्यांनाही ऐकू दे.

उतारावरची बाग छान फुटलीय. तिथले दगड दिवसभर तापतात, वेलींना ऊब पुरते. खालची मात्र थंडीने जळाली ती काळीच. परवा वाइनवाले येऊन गेले. म्हणाले, खालच्या द्राक्षांचा आंबटपणा वरच्यांना नाही, यंदाची वाइन मिळमिळीत होणार. हे जळके कोंब छाटत राहिले.

तुम्हीच सांगायचात बाबा, थंडी पाण्यासारखी उताराने खाली येते. कोंब कोवळे आहेत तोवर खालचं फाटक उघडं ठेवायचं, म्हणजे ती नदीकडे निघून जाते. "नाहीतर बसते चिकट पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून." मी हसायचे. पण कळलं होतं मला. नाही असं नाही.

काल वन्संचा फोन आला. तुम्ही आता गॅस पेटवत नाही म्हणे. त्यांच्या बाळालाही घेत नाही, कुठेतरी ठेवून विसरेन म्हणता. तेव्हापासून मला घास उतरत नाही.

बाग जळाली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढत होते. छकुली पळत सुटली ती थेट फाटकापाशी. पलीकडे नदी. तिला ओढून आणलं, फाटक लावलं. ती निजली की उघडू म्हटलं. तिच्याबरोबर माझाही डोळा लागला.

सकाळी खालचे सगळे कोंब उकडल्यासारखे. हे तुमच्यावर ओरडले, "एवढं एक काम होतं तुमच्याकडे!" तुम्ही म्हणालात, "मी उघडलं होतं रे... की नव्हतं?" आणि माझ्याकडे बघितलंत. मी पोरीचं नाक पुसत बसले.

त्याच आठवड्यात ह्यांनी तुम्हाला वन्संकडे धाडलं. तुमची पिशवी मी भरली.

ह्यांची भीती वाटते मला. अजून वाटते. म्हणून आधी हे पत्र पेटीत टाकते, मग ह्यांना सांगते. उलटं केलं तर धीर होणार नाही. मला घरात ठेवतील की नाही, ठाऊक नाही.

फाटक मिटू नये म्हणून तुम्ही पांढरा दगड लावला होता, कडेला चीर गेलेला. तो मी पायाने सरकवला. अजून तिथंच गवतात पडलाय. वन्संच्या बाळाला घ्या बाबा. तुम्ही काहीच विसरला नव्हता.

फाटक लावणारी,
तुमची सून