वारकरी बुडाला

प्रिय उमाअण्णा,

लिहीन लिहीन म्हणत दिवाळीपासून टाळत आलोय. काल कागद विकत घेतल्यावरसुद्धा आधी चहा प्यायलो, मग स्टँडवर लोहाऱ्याला जाणाऱ्या गाड्या बघत उभा राहिलो. माझं अक्षर तुला ठाऊक आहे. मी शाळा सोडली का शाळेनं मला, यावर तुझ्या आईचं, म्हणजे मावशीचं, नि माझं अजून एकमत नाही. पण आता टाळून चालणार नाही. तुझा धाकटा, आपला श्रीशैल, धाराशिवला दवाखान्यात आहे. छातीत गाळाचं पाणी गेलंय, ऑक्सिजन लावलाय, डोळे उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, आजचा दिवस जाऊ द्या, मग बोलू. मी बाहेर बाकड्यावर बसून लिहितोय. तौसिफचे मामू, दादामियाँ, थोड्या वेळात ट्रक घेऊन हुबळीला निघणार आहेत, त्यांच्या हाती हे देतो. तुझा पत्ता तू श्रीशैलला पाठवलेल्या पुस्तकाच्या पार्सलवरून पाठ झालाय. फोन का नाही ते पुढं कळेल.

परवा भल्या सकाळी आम्ही तिघं तौसिफच्या जीपमधून पाखरं बघायला निघालो. तौसिफ म्हणजे माझा जीपवाला दोस्त. त्याला पाखरातलं काही कळत नाही, पण जीप त्याची. आधी बेंबळीच्या पुढचा, वनखात्यानं राखलेला तलाव आणि दुपारी दुसरा, असा बेत होता. दुसरा राहूनच गेला. थंडी अशी, की जीपची काच आतून पुसावी लागत होती. श्रीशैलच्या गळ्यात तुझी दुर्बीण, तू घर सोडताना खुंटीवर विसरलेली. विसरला नाही, माझ्यासाठी ठेवली, असं तो भांडून सांगतो. तलाव नुसता गजबजला होता. श्रीशैल बोट दाखवत नावं घेत होता, हा चमच्या, तो थापट्या. तौसिफ म्हणाला, ही पाखरं हैत का भांड्याचं दुकान?

आणि तुमचा लाडका वारकरी. काळंभोर अंग, कपाळावर पांढरा टिळा. हे नाव तूच श्रीशैलला शिकवलंस. लिंगायताच्या घरात वारकरी कशाला आणता रे, असं अप्पा म्हणायचे, आठवतंय? आणि तुमचा तो खेळ. त्या पाखरानं बुडी मारली की ‘वारकरी बुडाला’ म्हणून ओरडायचं आणि तो वर येईपर्यंत श्वास धरायचा. एवढा मोठा झाला तरी श्रीशैल परवाही तसाच ओरडला, गाल फुगवून उभा राहिला.

बांधावर शेळ्या चारणारी एक म्हातारी होती, धुरपदाबाई. तिनं ते ऐकलं आणि बोंब मारत मळ्याकडं पळाली. आम्हाला काही कळायच्या आत माणसं दोरखंड, ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन आली. एकानं धापा टाकत विचारलं, कुठला व्हता वो वारकरी? श्रीशैलच्या डोळ्याला दुर्बीण. मान न वळवता म्हणतो, लई लांबचा, दर हिवाळ्याला येतो. एकटाच व्हता का? न्हाय, थवाच्या थवा हाय. त्या माणसाचं तोंड पांढरं पडलं. तेवढ्यात पुन्हा बुडी मारलेलं ते पाखरू वर आलं आणि हा खुशीत म्हणाला, ते बघा, निघाला. मग एकजण म्हणाला, पाखरापायी पंप बंद करून आलो व्हय आमी? आता परत कोण बुडालं तर आमाला हाका मारू नका. दोरखंड, ट्यूब घेऊन गेले. धुरपदाबाई तेवढी थांबली. दुर्बीण मागून घेतली, उलटी लावली, मग सुलटी. म्हणाली, व्हय की गं बाई, टिळा हाय त्येला.

दुपारी निघताना श्रीशैलला दिसलं, पाणी उतरलेल्या कडेला कुणाचं तरी फाटकं जाळं पडलंय आणि त्यात एक वारकरी अडकून फडफडतोय. गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला. आम्ही नको म्हणेपर्यंत तो निघालासुद्धा. आधी पाय गेला, मग गुडघे, मग कंबर. मी धावलो तर मीही रुतलो. माझा फोन खिशातून गाळात गेला. श्रीशैलचा त्याच्याबरोबरच गेला, आणि तुझा नंबर फक्त त्याच्यात होता. तौसिफनं मला ओढून काढलं. श्रीशैल छातीपर्यंत गेला, जोर करायला गेला आणि तोंडावर पडला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, श्रीशैल बुडाला, श्रीशैल बुडाला. मळ्यातल्या माणसांना ऐकू गेलं. एकजण तिकडूनच म्हणाला, हे आता कुठलं पाखरू? आणि सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती, अण्णा. पण ते हसणं कानातनं जात नाही.

आली ती धुरपदाबाई. शेळ्या तशाच सोडून, खोपीतली बाज डोक्यावर घेऊन. बाज गाळावर आडवी टाकली, तौसिफ तिच्यावर पालथा पडून सरकत गेला आणि त्यानं श्रीशैलचं तोंड वर धरलं. म्हातारी गाळात उतरलेली बघितल्यावर मग मळ्यातली माणसं दोरखंड घेऊन पळत आली. ‘कुठलं पाखरू’ म्हणणाऱ्यानंच श्रीशैलला पाठीवर घेऊन जीपपर्यंत आणला. जीपच्या दाराशी मी तिला विचारलं, आजी, तुम्हाला नाही वाटलं का पाखरू असेल म्हणून? म्हणाली, वाटलंच की. पर बुडालं म्हणल्यावर आदी काढायचं, मग बगायचं काय हाय त्ये. इथं डॉक्टरांनी विचारलं, पोहता येतं का याला? पाणी याहून जास्त जायला पाहिजे होतं. म्हणलं, पोहता येत नाही, श्वास धरता येतो.

मावशी येडेश्वरीला नवस बोलून बसलीय. अप्पा परवापासून इथंच आहेत, पाण्याशिवाय काही घेत नाहीत. तू घरचं दुकान सोडून हुबळीला फोटोचा धंदा टाकलास, तेव्हापासून कुणी विचारलं की म्हणायचे, थोरला बुडाला आमचा. आज सकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, विरेश, त्याला लिही. काय लिहू, विचारलं तर कितीतरी वेळ दुर्बिणीचा पट्टा पुसत राहिले. वाळलेला गाळ निघत नव्हता. मग म्हणाले, म्हणावं, बुडाला म्हणत होतो मी. म्हणलं म्हणून कुणी बुडत नसतं. वर ये म्हणावं. माझं नाव घालू नको. मी घालतोय. अण्णा, ये. मामूंच्याच ट्रकमधून परत ये. हॉर्न वाजायला लागलाय. आणि थांब, दारात कसला गलका चाललाय. धुरपदाबाई आलीय, एकटीच, एसटीनं, पदरात हुरडा बांधून. वॉचमनला विचारतेय, परवा बुडालेला वारकरी कुठं ठिवलाय? तो म्हणतोय, असा कोणी पेशंट नाही इथं. आणि अप्पा बाकड्यावरून उठलेत. आमचाच हाय तो, म्हणत तिला आत घेऊन चाललेत.

तुझाच,
विरेश