लाकडाला दिलेलं नाव

३ जून
बोचकं घेऊन इग्बो-ओराला लेकीकडे राहायला आलो. मोरेनिकेने दारातच रीतीप्रमाणे नमस्काराला गुडघे टेकले. पोट एवढं की उठवायला मलाच हात द्यावा लागला. इतक्या वर्षांनी दवाखान्याच्या औषधांना यश आलं, तेही जुळं! या गावात घरोघरी जुळी. बाजारातल्या बायका म्हणाल्या, बाबा, आमच्याकडची भेंडीच्या पानांची आमटी जपून खा, नाहीतर तुम्हालाही जुळं राहील! जुळ्यांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टर ओयेरिंदेबाईंनी घराण्यात जुळी किती, कोनफळ किती खाता, सगळं विचारलं. मी काळजी बोलून दाखवली तर लेक म्हणते, बाबा, सुख आलं तरी तुम्ही त्याची नाडी बघता.

१२ जून
पोट फाडून मुलगे काढले. नर्सने आधी माझ्या हातात दिला तो थंडगार होता. दुसरा काचेच्या पेटीत रडतो आहे. आमच्यात जुळ्यांतला आधी येतो तो तायवो, मागून येतो तो केहिंदे. म्हणजे आमचा तायवो गेला.
डॉक्टरबाई म्हणाल्या, लेकीला जुळ्यांच्या आयांच्या बैठकीला पाठवा, दुःख बोलल्याने हलकं होतं. पाठवीन. पण आमच्या रीतीने गेलेल्याचा लाकडी बाहुला घडवून त्याला न्हाऊ-जेवू घातलं नाही, तर तो राहिलेल्याला बोलावून नेतो. धोका कोण पत्करेल? मूर्तिकार अलाबीला मीच नाव सांगितलं. तायवो.

२० जुलै
बाहुला सुरेख झाला. मोरेनिके आधी केहिंदेला न्हाऊ घालते, मग त्याला. चवळी आणि पामतेल त्याच्या ओठांना लावते. जेव रे तायवो, म्हणते. कधी छातीशीही धरते. बरं वाटतं बघून.

२ ऑगस्ट
बाळाच्या अंगी दूध लागत नाही. केहिंदे म्हणून हाक मारली तर बघतही नाही. बाहुल्याच्या ओठांवरचं तेल मात्र रोज संपलेलं. मुंग्या असतील.

९ ऑगस्ट
बाळाला वजनाला नेलं. नर्स सहज म्हणाली, हाच आधी बाहेर आला होता, केवढा रडला! मागचा निपचित होता, म्हणून तो आधी तुमच्याकडे दिला.
म्हणजे तायवो हा. जिवंत आहे तो. आणि आम्ही रोज त्याच्या नावाने लाकडाला—

१० ऑगस्ट
अलाबी माझ्यावरच भडकला. विचारायला काय तोंडाला कुलूप होतं, म्हातारबा? बाहुला ज्या नावाने जेवला, ते नाव आता त्याचं. तरी खऱ्या नावाने बाळाला हाक मारून बघा, म्हणाला.
लेकीला सांगितलं. ती बाहुल्याचं अंग पुसत राहिली.

११ ऑगस्ट
बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, तायवो.
पापणी हलली नाही.
मागे, बाहुला ठेवतो त्या फळीवरून कोणीतरी हुंकार दिला. भरदुपारी. मी एकटाच—

१२ ऑगस्ट
डॉक्टरबाईंना निरोप धाडला. अजून आल्या नाहीत.
मोरेनिके आतल्या खोलीत पाजते आहे. घोट ऐकू येतात. देवा, पितं आहे बाळ! धावत गेलो—
मांडीवर बाळ नाही.
फळीवर आहे. नीट उभं केलेलं. हात लावला. लाकडासारखं कडक. ओठांना पामतेल.
तायवो, मी ओरडलो.
तिच्या पदराखालचे घोट थांबले. लाकडी मान हळूहळू माझ्याकडे—