आधीच भरलेले रकाने

छावणी, छत्रपती संभाजीनगर

ती. रूपाताईस,

प्रणयचा सप्रेम जयभीम. दाजींची पाठ आता कशी आहे? सासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नको. (फोनच केला असता, पण तुमच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून कचरूकाकांच्या जीपनं कागद पाठवतोय.) माझं विचारशील तर जिवंत हाय, एवढंच.

ताई, तुझ्या नणंदेला बघायला रोज नवी पार्टी येतीय, नांदेड काय, लातूर काय, आणि कांदेपोहे करून करून तुझं कंबरडं मोडलंय, त्याला कारण मी. आमच्या कंपनीनं लग्नं जुळवायची वेबसाइट काढली, ती मीच बनवली. त्यात स्थळ शोधायच्या फॉर्मातले काही रकाने आधीच भरून ठेवतात, म्हणजे माणूस कोरा फॉर्म बघून पळत नाय. त्याला डिफॉल्ट म्हणतात. चाचणीपुरतं काहीतरी भरायचं होतं. मी भरलं : वय सव्वीस, शिक्षण बी.फार्म., गाव खुलताबाद, चष्मा आहे. (विशाखा सोडून मला दुसरं सुचतं कधी?) आणि ते पुसायचंच राहिलं!

आता आपली माणसं आयतं भरलेलं कशाला बदलतील? नुसतं ‘शोधा’ दाबतात. त्या मापाची पोरगी अख्ख्या साइटवर एकच, आणि दाजींनी तिचं नाव मोठ्या हौसेनं घातलेलं. झालं! जो तो विशाखालाच बघतोय. दाजींना वाटतं घराण्याचं नाव निघालं, आमचे शिवराजसाहेब म्हणतात साइट लई चालली, आणि इथं मला अन्न गोड लागंना. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला बघ. आज ते रकाने पुसले, पण काय उपयोग? तिचा फोटो घरोघरच्या ग्रुपवर कधीच पोचला. रडू येतंय गं.

तुझा भाऊ,
प्रणय

ता. क. : दाजींकडं माझ्यासाठी एक शब्द टाक ना. मला ते जमत नाय.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. विशाखाचा मेसेज आला. विचारते, तुझ्याच साइटवर तू नाव का नाही घातलंस, मी शोधून दमले. ताई, माझं नाव तिथं सगळ्यात पहिलं हाय! पण मुलींच्या फॉर्मात साहेबांनी ‘नोकरी : सरकारी’ असं भरून ठेवायला लावलंय, आणि तिनंही नुसतं ‘शोधा’च दाबलं. तिला सापडला पाचोडचा तलाठी. रविवारी येतोय. पोहे जरा उशिरा टाक, मी पहिल्या एसटीनं निघतो.